कंबरदुखी, मार्च एंडिंग आणि दहा हजार पावलं: झेपेल असं ध्येय ठरवायचं कसं?

अबोली_डोंबिवली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

वय ४७, बँकेत नोकरी, रोज डोंबिवली ते दादर. कंबर दोन वर्षांहून जास्त काळ दुखतेय. एमआरआय झालाय. रिपोर्टात एल ४ - एल ५ ला (कमरेचा चौथा-पाचवा मणका) डिस्क बल्ज, म्हणजे मधली चकती फुगलेली, झीज वगैरे. आमच्या भाषेत ‘मणक्यात गॅप’. पायात मुंग्या नाहीत, ताकद शाबूत आहे, ऑपरेशनचं काही कारण नाही असं डॉक्टर म्हणाले. व्यायाम करा, वजन उतरवा, टेन्शन घेऊ नका. यातलं तिसरं कसं करायचं ते चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. घरी सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, मुलाची बारावी आहे आणि बँकेत मार्च एंडिंग.

माझा प्रश्न असा. कंबर जरा बरी वाटली की मी हुरूप धरते. फोनमध्ये दहा हजार पावलं, सकाळी बारा सूर्यनमस्कार, साखर बंद, रात्री साडेदहाला झोप. चार-पाच दिवस झकास जातात. मग एका सकाळी तोंड धुवायला बेसिनवर वाकलं की अशी कळ येते की टॉवेलही हातातून सुटतो. मग आठवडाभर शेक, बाम आणि आडवं पडून राहणं. पुन्हा बरं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून. वजन जिथल्या तिथे.

मैत्रीण म्हणते तुझ्यात सातत्य नाही. नवरा म्हणतो अति करू नकोस. दोघांचंही पटतं, पण ‘अति’ कुठे सुरू होतं ते कळायचं कसं? दुखणं आणि ताण दोन्ही असताना आरोग्याचं ध्येय कसं ठरवता तुम्ही लोक?

चहाबाज

मी तर दरवर्षी एकच ध्येय ठरवतो: गेल्या वर्षीचं पूर्ण करणे.

गंमत सोडा, पण दहा हजार हा आकडा कुठून आला माहितीये का? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानात चालण्याची लाट आली होती. १९६५ मध्ये तिथल्या यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. संशोधन मागाहून आलं. तेव्हा तुमच्या कमरेने हा आकडा मान्य केला नाही तर ती काही फार अडाणी नाही.

रानजाई

+१. २०२२ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं. साठीच्या पुढच्यांना सहा ते आठ हजार आणि त्याखालच्यांना आठ ते दहा हजार पावलांपर्यंत फायदा वाढत जातो, पुढे तो सपाट होतो असं त्यात होतं. पण जे दोन-तीन हजारांवरून चार-पाच हजारांवर जातात त्यांनाही चांगला फायदा दिसतो. म्हणजे दहा हजार नाही जमले तर शून्य, असं गणित नाहीच.

आणि अबोलीताई, धावपळ करणाऱ्या बाईला कुणी ‘सातत्य नाही’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्यावर सवडीने लिहिते.

फिजिओ_सातारकर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वीसेक वर्षं कंबर-मान-गुडघेच बघतेय. इथून तपासता येत नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं प्रमाण धरूनच लिहिते.

आधी धोक्याच्या खुणा, म्हणजे ते एकदा बाजूला होईल. लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा लघवी अडकणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायाची ताकद कमी होत जाणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. ताप, कारण नसताना वजन घटणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, आधी कधी कॅन्सर होऊन गेलेला असणं: यातही थांबू नका. तुमच्या पोस्टमध्ये असं काही दिसत नाही.

आता रिपोर्ट. २०१५ मध्ये तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा आढावा प्रसिद्ध झाला होता. हे सगळे कंबर न दुखणारे लोक. त्यातल्या चाळिशीच्या माणसांत डिस्कची झीज ६८ टक्क्यांना होती आणि बल्ज ५० टक्क्यांना. पन्नाशीत तेच ८० आणि ६०. म्हणजे तुमच्या डब्यातल्या निम्म्या बायकांच्या रिपोर्टात हेच निघेल आणि त्या चौथ्या सीटवर टेकून भाजी निवडत असतील. रिपोर्ट खोटा नाही, पण त्याच्या धाकाने वाकणं सोडू नका.

तुमचा जो झोका चाललाय (बरं वाटलं की ढीगभर, दुखलं की आडवं) तो आम्ही रोज बघतो. बहुतेकांना वाटतं की वाईट दिवस हा शत्रू. मला विचाराल तर चांगला दिवस जास्त घातक. त्या दिवशी माणूस साठलेली सगळी कामं काढतो.

उपाय जुना आहे. सिॲटलला विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. सत्तरच्या दशकात त्यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांना ‘दुखेपर्यंत करा’ म्हणणं बंद केलं आणि आधीच ठरलेला कोटा द्यायला सुरुवात केली. कोटा झाला की थांबायचं. अजून दम असला तरी थांबायचं. दुखेपर्यंत केलं की दुखणं हाच काम थांबवायचा इशारा होतो आणि विश्रांती हे त्याचं बक्षीस. मेंदू हे फार पटकन शिकतो.

करायचं असं. आठवडाभर नुसतं टिपून ठेवा की किती मिनिटं चालल्यावर कंबर कुरकुरायला लागते. एक दिवस २०, एक दिवस १२, एक दिवस १६. सरासरी १६. त्यातून पाचवा हिस्सा काढा, म्हणजे १२-१३ मिनिटं. हा तुमचा कोटा. सोमवारी अंगात उत्साह असला तरी १२, गुरुवारी कंबर धरली असली तरी शक्यतो १२, अगदीच नाही तर सहा-सहा मिनिटांचे दोन तुकडे. आठवडा नीट गेला की एक-दीड मिनिट वाढवा. ‘नीट’ म्हणजे दुखलंच नाही असं नव्हे. चालताना थोडं वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं तर ते चालतं. दुसऱ्या दिवशीही चढलेलंच असेल तर त्या आठवड्यात वाढवायचं नाही.

निवांत_नाही

मी सकाळी एक गोळी घेतो आणि जिम करतो. तासभर काही जाणवत नाही. हे चालेल ना?

फिजिओ_सातारकर

नाही. कोटा ठरवायला जो इशारा लागतो तोच तुम्ही बंद करून ठेवताय. शिवाय डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या रोज घेतल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो, रक्तदाब चढू शकतो, किडनीला त्रास होऊ शकतो. कधीमधी डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेणं वेगळं. किती दिवस घेताय हे तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे का?

चहाबाज

डायक्लोफिनॅक म्हणजे तेच ना, ज्याने गिधाडं संपली? ते औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची किडनी गेली म्हणून २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. निवांतराव, गिधाडांना तरी निवड नव्हती.

आयुर्_तेलवाला

अबोलीजी, आमच्याकडे पारंपरिक तेल आहे, २१ दिवसांत गॅप भरते. व्यनि (खासगी निरोप) करा.

रानजाई

कशाने भरते, सिमेंटने? ॲडमिन, बघा जरा.

लेस्टरची_शुभा

मी इंग्लंडमध्ये असते. मानदुखीसाठी इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या पेन मॅनेजमेंट प्रोग्रॅमला गेले होते. रांग लांबलचक, पण एकदाची निवड झाली. आठवड्यातून एकदा दहा-बारा जण गोल बसायचे, फिजिओ आणि मानसशास्त्रज्ञ दोघंही असायचे. फिजिओताई म्हणतात ते कोट्याचं तिथेही शिकवलं.

पण मला उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्यांनी ‘दुखणं किती कमी करायचंय’ असं विचारलंच नाही. विचारलं, दुखण्यामुळे कुठली गोष्ट सुटली जी पुन्हा करायचीये? माझ्या शेजारच्या आजोबांनी सांगितलं, नातवाला उचलायचंय. मी म्हटलं, पोळ्या. सलग आठ पोळ्या लाटून होत नव्हत्या. मग त्या पोळ्यांचे तुकडे पाडले: ओट्याची उंची, कणीक कोण मळणार, दोन पोळ्यांनंतर हात खाली सोडून उभं राहणं. ‘मान बरी करायची’ हे काही ध्येय नव्हे, ते हातात नसतं. आठ पोळ्या हातात असतात.

अबोली, तुझं काय सुटलंय?

अबोली_डोंबिवली

बाप रे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. तेलवाल्या दादांना नमस्कार.

शुभाताई, तुमचा प्रश्न वाचून जरा गप्पच झाले. खरं सांगायचं तर नाटक. आम्ही दोघं नाटकवेडे. सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. गेल्या वेळी दुसऱ्या अंकात उठून बाहेर आले ते शेवटपर्यंत आत गेलेच नाही. त्यानंतर तिकिटं काढलीच नाहीत. वजन पाच किलो उतरवायचं हे माझं म्हणून कुणी सांगितलेलं ध्येय आहे, नाटक माझं स्वतःचं आहे.

लेस्टरची_शुभा

हेच धर. दोन अंकी नाटक म्हणजे मध्ये मध्यंतर आहेच. कडेची खुर्ची घे. आत्ता किती वेळ सलग बसवतं ते बघ, तिथून मोजायला लाग. बँकेत बसतेसच की, सरावाला जागा शोधायला नको.

रानजाई

आता माझं राहिलेलं.

अबोलीताई, तुमची यादी पुन्हा वाचली. चालणं, सूर्यनमस्कार, साखर, झोप. सगळी बेरीज. वजाबाकी कुठेच नाही. सकाळी चालायला वीस मिनिटं लागणार तर ती आणणार कुठून? तुम्ही लिहिलं नाहीत तरी मी सांगते: झोपेतून. नळाला पाणी यायची वेळ, दोन डबे, सासूबाईंचं आवरणं आणि लोकल. यातलं काहीही हलत नाही, हलते ती फक्त तुमची झोप. आणि झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त लागतं, हे आता अभ्यासांतही आलेलं आहे. म्हणजे कंबर बरी करायला जे काढताय तेच कंबरेला महाग पडतंय.

तेव्हा माझा नियम ऐका. कुठलंही ध्येय लिहिताना त्याच्यासमोर एक काम लिहायचं जे आता आपण करणार नाही, आणि त्या कामासमोर दुसऱ्या कुणाचं तरी नाव. नाव सापडत नसेल तर ध्येय लिहायचं नाही. आमच्याकडे मी चालायला जायला लागले तेव्हा डबा नवऱ्याकडे गेला. पहिला महिनाभर मुलांनी शाळेत रोज बटाट्याची भाजी नेली. कुणी दगावलं नाही.

‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मला चीड आणतो. टेन्शन कुणी दुकानातून घेतं का? ते कामातून येतं आणि काम वाटूनच कमी होतं. श्वासाचे व्यायाम चांगलेच आहेत, मीही करते, पण प्राणायाम करून बारा तासांच्या दिवसाचे दहा होत नाहीत.

खडकीचे_आजोबा

रानजाई यांच्याशी सहमत, पण श्वासाला इतकं हलकं लेखू नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सजगतेचा (माइंडफुलनेसचा) वर्ग सुरू केला, तो अशाच जुनाट दुखण्याच्या रुग्णांना घेऊन. दुखणं जात नाही, पण ‘आता काय होणार, नोकरी जाणार का, लेकरांचं कसं होणार’ ही जी वरची फोडणी असते ती कमी होते. मला संधिवात आहे. रात्री गुडघा ठणकायला लागला की मी नुसतं बघतो: ठणका नक्की कुठे आहे, गरम आहे की टोचरा, वाढतोय की उतरतोय. निम्म्या वेळा बघता बघता झोप लागते. उरलेल्या निम्म्या वेळा नाही लागत.

दुसरं, आमच्या आईचे चातुर्मासाचे नेम असायचे. कधी एक भाजी सोडायची, कधी रोज एक वात जास्त लावायची. नेम छोटा, रोज जमेल असा आणि कार्तिकी एकादशीला संपणारा. ‘आयुष्यभर साखर बंद’ असलं काही तिने कधी धरलं नाही. आपणही चार महिन्यांचंच धरावं. संपल्यावर परत ठरवावं.

निवांत_नाही

आजोबा, इगतपुरीला विपश्यनेला जाऊन यावं का? सगळा ताण एकदम निघून जाईल असं मित्र म्हणतो.

खडकीचे_आजोबा

जरूर जा, पण गोळी घेऊन जिम करणाऱ्याने एकदम दहा दिवस बसायला जाऊ नये. आधी घरी दहा मिनिटं बसून दाखव. आणि अर्जात पाठीचा त्रास लिही.

फिजिओ_सातारकर

एक गोष्ट सुटली. अबोलीताई, सासूबाईंना बिछान्यातून कोण उठवतं?

अबोली_डोंबिवली

मीच. सकाळी आणि रात्री. दुपारी बाई असते. काखेत हात घालून उचलते.

फिजिओ_सातारकर

मग तुम्ही दिवसातून दोनदा पन्नासेक किलो वजन वाकून, पीळ देऊन उचलताय आणि वर म्हणताय व्यायाम होत नाही! सूर्यनमस्काराच्या आधी हे सुधारू.

काखेतून ओढायचं नाही, तुमच्या कमरेला आणि त्यांच्या खांद्याला दोघांनाही वाईट. आधी त्यांना ज्या कुशीवर वळायची परवानगी आहे त्या कुशीवर वळवा. खुब्याचं ऑपरेशन ताजं असेल तर कुठली हालचाल वर्ज्य आहे ते त्यांच्या सर्जनना विचारूनच. मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी त्यांनी कोपराने, हाताने रेटा देत वर यायचं. पायांच्या वजनाने निम्मं काम होतं. कडेवर बसल्यावर मिनिटभर थांबू द्या, चक्कर येते. उभं करताना तुम्ही समोर, अगदी जवळ, पाय फाकवून, गुडघ्यात वाकून. हात त्यांच्या कमरेमागे. ‘एक, दोन, तीन’ म्हणून त्यांनी पुढे झुकायचं आणि तुम्ही मागच्या पायावर वजन घ्यायचं. उचलायचं नाही, पुढे आणायचं.

पलंग बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे घाला, पण घट्ट बसणारे, आणि त्यांचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. शौचाला उंच कमोड खुर्ची. सर्जिकलच्या दुकानात मिळते, भाड्यानेही देतात. आणि रानजाई म्हणतात तसं, रात्रीच्या उठवण्यासमोर यजमानांचं नाव लिहा.

रानजाई

यजमानांना हा धागा वाचायला द्या. सगळा.

अबोली_डोंबिवली

दिला. ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणाले. यावर इथे लिहीत नाही, वेगळा धागा लागेल.

थोडं अपडेट देते. रात्रीचं उठवणं ते करतात, मुलगा शनिवार-रविवारी. ठोकळे सुताराकडून करून घेतले. चालणं दादर स्टेशन ते बँक. आधी शेअर रिक्षा... चुकले, टॅक्सी करायचे, ती सोडली. जाताना सात-आठ मिनिटं, येताना तेवढीच. कोट्याप्रमाणे एका वेळी बारा मिनिटं चालायला हवं ना? हे तुकड्यातुकड्याने चालेल का?

फिजिओ_सातारकर

धावेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सलग दहा मिनिटांची जुनी अट काढूनच टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम हे त्यांचं लक्ष्य आहे, पण ते शिखर समजा, पायथा नव्हे.

चालण्याबद्दल अजून एक. २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये ऑस्ट्रेलियातला प्रयोग आला. नुकत्याच कंबरदुखीतून बाहेर पडलेल्या ७०१ जणांपैकी काहींना फिजिओच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटं चालायला लावलं. सहा महिन्यांत तिथवर पोचायचं होतं. न चालणाऱ्या गटात निम्म्या लोकांची कंबर पुन्हा धरायला ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८. तुमचं दुखणं जुनाट, तेव्हा हाच आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही. पण सहा महिन्यांत तीस मिनिटं, हा वेग बघा. आपण पहिल्या सोमवारीच तीस धरतो.

लेस्टरची_शुभा

आणि मध्ये कंबर धरलीच तर काय करायचं तेही बरं असतानाच लिहून ठेव. आम्ही कार्ड करायचो: दोन दिवस निम्मा कोटा, शेक, कुणाला फोन करायचा, कुठलं काम रद्द. धरलेल्या कंबरेने निर्णय घ्यायचे नसतात, रडू येतं.

खडकीचे_आजोबा

रडू रोजच येत असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल तर ते नुसतं टेन्शन म्हणून अंगावर काढू नका. ‘टेलिमानस’ ही सरकारी मोफत सेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. जुनाट दुखणं आणि नैराश्य बऱ्याचदा हातात हात घालून येतात.

अबोली_डोंबिवली

आजोबा, नंबर टिपून ठेवलाय. सध्या तशी वेळ नाही, पण मार्चमध्ये होती.

बाकी वजनाचा काटा मी माळ्यावर टाकलाय, दिवाळीनंतर काढेन. चुकीचं आहे का?

फिजिओ_सातारकर

तुमच्या बाबतीत बरोबर. गुडघ्याचा रुग्ण असता तर काटा ठेवा म्हटलं असतं, तिथे एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने हलका होतो. तुम्हाला आत्ता एका वेळी एकच मोजमाप पुरे: बसायची मिनिटं.

सदू_पाटील

मध्येच घुसतो. वडील ६८, कंबर दुखते, एका ठिकाणी ट्रॅक्शनचं (मशीनने कंबर ताणायचं) पॅकेज सांगितलंय आणि कायम पट्टा घाला म्हणालेत. पैसे भरू का?

फिजिओ_सातारकर

आधी कंबर का दुखते ते नीट तपासून घ्या, ६८ व्या वर्षी हाड ठिसूळ होऊन मणका चेपला असण्याचीही शक्यता असते. तसलं काही नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या कंबरदुखीवरच्या सूचनांत ट्रॅक्शन आणि पट्टा दोन्ही नेहमीच्या उपचारात नकोत असंच म्हटलंय. व्यायाम, माहिती आणि मानसिक आधार यांना त्यात पसंती आहे. पॅकेजचे पैसे भरण्याआधी त्यांना विचारा, व्यायाम कोण शिकवणार आणि घरी काय करायचं. उत्तर ‘मशीन लावू’ एवढंच असेल तर दुसरीकडे जा.

सदू_पाटील

पट्टा ते एसटीच्या प्रवासात घालतात, बरं वाटतं म्हणतात. काढून घेऊ का?

फिजिओ_सातारकर

नको, भांडण होईल. प्रवासापुरता राहू दे. घरी पोचल्यावर काढायचा आणि अंगणात त्यांच्या कोट्याएवढ्या फेऱ्या मारायच्या, एवढं कबूल करून घ्या. आणि एसटीत मागच्या चाकावरची सीट देऊ नका.